पूजेनंतर ढिले पडलेले टाके

माझी मशीन काळी आहे, पायानं चालवायची. तिच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, ती माझ्या हाताखाली घासून कधीच गेली. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा गावात नव्हती आणि बाहेरगावी मुलीला कोण पाठवतो. लग्न झाल्यावर बाभुळगावला एका बाईकडे उन्हाळाभर जाऊन शिवण शिकले. तेव्हापासून गावातल्या बायकांची पोलकी, पोरींची फ्रॉकं, उशांचे अभ्रे शिवत आले. बायका चांगलं म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. परत येत, तेवढं मला पुरे होतं.

मग डोळे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, लांबचं आता दिसतं, पण सुईचं नाक दिसत नाही. म्हणून मशीन सुनेला दिली. दिली म्हणजे माझं मन मोठं आहे असं कुणी समजू नये. मला धागा ओवता येईना, म्हणून दिली.

सून पुसदकडची. बारावी झालेली. आली तेव्हा तिला काजही करता येत नव्हतं. माझ्याकडून थोडं शिकली, मोबाईलवर पाहून थोडं शिकली. हात सावकाश चालतो, पण शिवण सरळ जाते. वर्षभर तिनं घरचंच शिवलं, परकर आणि अभ्रे. बाहेरचं कुणी दिलं नाही. ज्या बायका माझ्याकडे यायच्या, त्या आता यवतमाळला जाऊ लागल्या. रस्त्यात भेटल्या की माझ्या डोळ्यांची चौकशी करायच्या. कापडाचं नाव काढायच्या नाहीत.

माझ्या मुलाला मशीन डोळ्यांत खुपायची. तो वाईट नाही. दिवाळीच्या तोंडाशी कापूस फुटतो तेव्हा वेचायला बाया मिळत नाहीत, आणि घरातली बाई मशीनवर बसून अभ्रे शिवते, हे त्याला पटत नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाहेरचं काम येत असेल तर मशीन ठेवा. नसेल तर बाजारातल्या मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला देऊन टाका आणि सगळ्यांनी वावरात चला. सुनेचं म्हणणं तिनं कधी तोंडानं सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. तिला वावर नको होतं असंही नाही. तिला एक काम असं पाहिजे होतं की जे तिचं आहे आणि लोक ते मागायला येतात.

त्या वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा तिनंच केली. माझी पूजा म्हणजे झटपट काम असायचं. चाकाला कुंकवाचं बोट, वर एक फूल, झालं. तिच्या माहेरी अवजारांची पूजा नीट करतात. नांगराचा फाळ, विळ्याची धार, कुऱ्हाडीचं पातं, म्हणजे अवजार जिथं काम करतं तिथं हळदकुंकू लागलं पाहिजे, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. तिनं वाटीत कुंकू पाण्यात कालवलं, हळद कालवली, अक्षता घेतल्या आणि मशीनला अंगभर पूजलं. चाकाला लावलं, पायडलला लावलं, सुईच्या दांड्याला लावलं. पुढं डाव्या अंगाला, मशीनचं तोंड म्हणावं अशा जागी, दोन गोल चकत्या असतात. वरचा धागा त्या दोन चकत्यांच्या मधून जातो आणि त्या त्याला आवळून धरतात. दुकानदार त्याला टेन्शन म्हणतात. ती जागा तिला मशीनचं कपाळ वाटली असावी. तिथं तिनं कुंकू आणि अक्षता मन लावून लावल्या. मी खाटेवर बसून होते. पूजा चालली आहे एवढंच मला दिसत होतं. कुठं काय लावलं, ते दिसत नव्हतं.

दसरा झाला. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचं सीतादही करून पहिली वेचणी सुरू झाली. वेचलेला कापूस पुढच्या खोलीत ओतला, आणि मशीन त्याच खोलीच्या कोपऱ्यात जुनं लुगडं पांघरून पडून राहिली. भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो आमच्याकडे. खोलीत शिरलं की नाकातोंडात तंतू जातात.

अशात नाल्यापलीकडच्या तांड्यातली एक बाई आली. तिची आणि माझी ओळख जुनी. एकाच वावरात आम्ही कितीतरी हंगाम कापूस वेचला आहे. ती मला काकी म्हणते, वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, आणि तोंडानं माझ्यासारखीच फटकळ आहे. तिच्या मुलीचा साखरपुडा दिवाळीच्या आठवड्यात ठरला होता आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर. साखरपुड्याच्या पोलक्याचं कापड तिनं आणलं होतं. फिकट पिवळं साटीन, हातातून निसटणारं. यवतमाळच्या टेलरनं दिवाळीनंतर देईन म्हणून सांगितलं, म्हणून ती माझ्याकडे आली. हे तिनं लपवलं नाही.

मी म्हटलं, शिवणार ती, मी नाही. तिनं सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काकी, तू बाजूले बसशील ना?"

मी बसेन म्हटलं. सुनेनं माप घेतलं, चहा दिला, आणि बाई गेल्यावर कापड चटईवर पसरून कापलं. कापताना तिचा हात हलला नाही. हे मी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात कापण्याची चूक नव्हती. पण कापड एकदा कापलं की परत देता येत नाही. तुकडे घेऊन दुसऱ्या टेलरकडे गेलं तर तो आधी हसतो आणि मग माप चुकलं म्हणतो.

आधी अस्तर शिवावं म्हणून तिनं अस्तराचे दोन तुकडे मशीनखाली घातले. वरून टाके बरे दिसले. कापड उलटं केलं तर खाली नुसतं जाळं. धाग्याच्या कड्याच कड्या, बोटानं ओढल्या तर सगळी शिवण निघून येत होती.

खाली गुंता दिसला की कुणालाही वाटतं, बिघाड खाली आहे. तिलाही वाटलं. तिनं खालची सरकती पट्टी काढली, बॉबिन काढली, बॉबिन ज्या डबीत बसते ती डबी काढली. तिथं कापसाचे तंतू होते, ते असणारच, घरभर कापूस होता. डबीच्या पत्तीखालीही तंतू अडकले होते. तिनं ते सुईनं काढले, ब्रशनं झाडलं, तेल दिलं, परत बसवलं. गुंता तसाच. मग डबीवरचा बारीक स्क्रू आवळला. खालचा धागा तुटायला लागला आणि वरून कापड गोळा व्हायला लागलं, पण खालचं जाळं गेलं नाही. स्क्रू पुन्हा ढिला केला. सुई बदलली. रीळ बदललं. बॉबिन नव्यानं भरली, कारण वाकडी भरली तरी असं होतं. मोबाईलवर एक बाई हसत हसत मशीन दुरुस्त करत होती, तीही पाहिली. तिची मशीन वेगळी होती.

मी हे सगळं खाटेवरून ऐकत होते आणि बोलले नाही. मी बोलले की ती मशीनवरचा हात काढून घेते आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसते. तसं बसून शिवण येत नाही. म्हणून मी तिला तिच्या पद्धतीनं शोधू दिलं.

संध्याकाळी मुलगा वावरातून आला. त्यानं उघडी मशीन पाहिली. त्यानं बाजारातल्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री फोनवरच म्हणाला की जुन्या मशीनची सेटिंग जाते, घेऊन या, नाहीतर मीच विकत घेतो. मुलगा जेवताना शांतपणे म्हणाला की बाजाराच्या दिवशी ऑटोत टाकून नेतो, आता ती मिस्त्रीकडेच राहू द्या. सुनेनं त्याच्या ताटात भाजी वाढली. बाजाराला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यातली बाई आली. पोलकं कुठवर आलं ते पाहायला आली होती. खाटेवर पिवळे तुकडे जसेच्या तसे, एकाला एक जोडलेला नाही, आणि मशीन पोट उघडं टाकून उभी. तिनं एक तुकडा उचलला, खाली ठेवला.

"शिवनार हाय का नाई?" तिनं सुनेलाच विचारलं, पहिल्यांदा. "नसन होत त तसं सांग. मी हे असेच यवतमाळले नेतो. पाया पडीन कोनाच्या. पोरीचा साखरपुडा हाय माह्या."

सून मशीन बिघडली एवढंच म्हणाली आणि चहा ठेवते म्हणून आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला नाही, पाण्याचाही आला नाही. ती चुलीपुढं नुसती उभी होती.

मी तिला बाहेर बोलावलं. म्हटलं, चहा नंतर. बॉबिनमध्ये काळा धागा भर आणि वर पांढरा ठेव. चिंधी घे आणि शिव. तिनं शिवलं. मला चिंधी दे म्हटलं, पण मला काय दिसणार. तिलाच विचारलं, खालच्या कड्या कोणत्या रंगाच्या आहेत.

"पांढऱ्या," ती म्हणाली.

पांढरा धागा वरचा. म्हणजे वरचा धागा मोकाट सुटला आहे आणि खाली जाऊन लोळतो आहे. खालच्या डबीचा यात दोष नाही. खाली कड्या आल्या की वर पाहायचं असतं, वर कड्या आल्या की खाली. मला बाभुळगावच्या बाईनं हे शिकवलं तेव्हा मलाही उलटंच वाटलं होतं.

मग मी खाटेवरून उठून मशीनजवळ गेले. डोळे नसले तरी बोटं आहेत. सुईतून धागा काढायला लावला, कापड दाबणारं पाऊल खाली टाकायला लावलं, आणि चकत्यांतून येणारा धागा हळूच ओढला. पाऊल वर असताना धागा सैल यावा, खाली असताना अडून यावा. हा दोन्ही वेळा सारखाच आला, विहिरीतून दोर सुटावा तसा. आणखी एक गोष्ट बोटांना लागली. धागा गुळगुळीत नव्हता, खरखरीत होता. मी बोट तांड्यातल्या बाईपुढं धरलं आणि काय आहे विचारलं.

"लाल हाय," ती म्हणाली. "रक्त नाई. रंग हाय कशाचा तरी."

सुनेनं चिंधी उलटून पाहिली. पांढऱ्या कड्यांवर फिकट गुलाबी झाक होती. ती कालपासून तिला दिसत होती, पण रीळच जुनं असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

मी विचारलं, चकत्या उघडून पुसल्या होत्या का. ती म्हणाली, बाकी सगळं पुसलं.

"चकत्या काहून नाई पुसल्या?"

"तिथं पूजेचं कुंकू हाय, आई," ती हळू म्हणाली. "ते आपन होऊन गेल्याशिवाय काढत नाई ना. आमच्या घरी त फाळाचं कुंकूही पुसत नाई. मातीनंच जाते."

आता मला सगळं कळलं. दोन दिवस तिनं मशीनचा एकूणएक भाग उघडला, झाडला, तेल दिलं, आणि नेमका जिथं दोष होता तेवढाच भाग हात न लावता सोडला. आळसानं नाही, भक्तीनं. नांगराचा फाळ मातीत जातो, त्याचं कुंकू माती नेते. मशीनच्या चकत्यांत माती जात नाही, नुसता धागा जातो. धाग्याला कुंकू पुसून न्यायला फार वर्षं लागली असती.

मी म्हटलं, "पुसून टाक."

तिचा हात उचलेना. ती मशीनकडं पाहत राहिली, आणि मला वाटलं की आता ती रडते की काय. रडली असती तर मला राग आला असता. पिवळे तुकडे खाटेवर पडून होते आणि ज्या बाईचे ते होते ती दाराशी उभी होती.

मी म्हटलं, "पूजा कायले केली? काम चांगलं व्हावं म्हनून ना? मंग ज्याच्यानं काम अडते ते काढून टाकलं त देवाले राग कायले येईल. येऊन राह्यला असन राग त माह्यावर काढन. मी म्हातारी हाय, मले सवय हाय."

तांड्यातली बाई आत येऊन मशीनजवळ वाकली. तिचे डोळे चांगले आहेत. चकत्यांच्या फटीत तिनं पाहिलं आणि म्हणाली, आत काहीतरी पांढरं बसलं आहे. सुनेनं पुढचा नट फिरवून स्प्रिंग सैल केली. दोन्ही चकत्यांवर आतून वाळलेलं कुंकू थापून बसलं होतं, आणि मधोमध अक्षतेचा एक दाणा पाचर मारल्यासारखा बसला होता. त्या दाण्यामुळं चकत्या कधी मिटतच नव्हत्या. धागा त्या फटीतून आपला मोकळा जात होता.

बाईनं दाणा पाहिला, सुनेकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाई वं, मशीनची पूजा केली का तिले भात चारला?"

सून आधी दचकली आणि मग तिला हसू आलं. तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. माझं हसू फार नसतं, पण आलं तेव्हा आलं.

केरसुणीची काडी मी मागितली तर सुनेनं ती आणली नाही. कुंकवाला केरसुणी लावायला तिचं मन झालं नाही. तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काडीची, एक चिप पातळ सोलून तिनं आणली. तिनं दाणा अलगद उकरला. दाणा फेकला नाही, तुळशीत टाकून आली. मग मऊ कापडाची घडी तेलात बुडवून दोन्ही चकत्यांच्या मधून ओढली, कापड लाल झालं. दुसरी घडी ओढली, तीही लाल. कोरडं कापड पांढरं बाहेर येईपर्यंत ती ओढत राहिली. चकत्या परत बसवल्या, स्प्रिंग, नट. पाऊल वर ठेवून धागा ओवायला लावला, कारण पाऊल खाली असताना ओवला तर तो चकत्यांच्या आत नीट बसत नाही, वरवर राहतो. ही चूक नवे लोक नेहमी करतात, तिनं मात्र केली नाही.

आता मी धागा ओढला. पाऊल वर, सैल. पाऊल खाली, अडला. माझ्या बोटांना जे पाहिजे होतं ते मिळालं.

तरी पहिली शिवण बरोबर आली नाही. आता उलटं झालं, वरून खालचा काळा धागा ठिपक्यांसारखा दिसायला लागला. कारण चकत्या मोकळ्या असताना तिनं खाली स्क्रू आवळून सोडून बरीच उलथापालथ केली होती. मी तिला डबी धाग्याला टांगून धरायला सांगितली. डबी आपोआप भरभर खाली आली तर ढिली, हलवूनही न आली तर जास्त आवळलेली. मनगटाला हलका झटका दिला की थोडीशी उतरून थांबावी. तिनं स्क्रू केसभर सोडला, झटका दिला, पुन्हा सोडला. मग वरचा नट थोडा आणि पुन्हा थोडा. प्रत्येक वेळी चिंधीवर शिवून पाहिलं. घाई केली नाही. तांड्यातली बाई तोवर चटईवर बसली होती आणि चहा कुठं गेला ते विचारत होती. चहा शेवटी मीच केला.

मी कपबशी घेऊन बाहेर आले तर सून चिंधीची उलटी बाजू बाईला दाखवत होती. काळं वर दिसत नव्हतं, पांढरं खाली दिसत नव्हतं. दोन्ही धागे कापडाच्या पोटात एकमेकांना धरून होते. बाईनं अंगठ्याच्या नखानं शिवण ओरबाडून पाहिली. ती निघाली नाही. मग तिनं पिवळा तुकडा उचलून सुनेच्या हातात दिला. यवतमाळचं नाव पुन्हा काढलं नाही.

साटीन आहे म्हणून सुनेनं बारीक सुई घातली आणि टाका लहान ठेवला. पोलकं साखरपुड्याच्या आधी तयार झालं. अस्तराच्या जुन्या शिवणीतला गुलाबी धागा तिनं एकेक करून उसवला होता, तरी एका जागी फिकट डाग राहिला. तो आतल्या बाजूला काखेत जातो, दिसत नाही. तिनं तो आपणहून बाईला दाखवला. मी असते तर दाखवला नसता. बाई म्हणाली, कुंकवाचा आहे ना, मग राहू दे, नवरीच्या अंगावर कुंकवाचं काय वाईट.

बाजाराच्या दिवशी मुलानं ऑटो सांगितला का म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, मशीन चालू झाली ना आता, मग कशाला. एवढंच बोलून तो वावरात गेला. सून दुपारपर्यंत त्याच्याबरोबर वेचायला गेली आणि दुपारनंतर मशीनवर बसली. तेही कुणी ठरवलं नव्हतं. तसं ते होत गेलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर तांड्यातली बाई पुन्हा आली. बरोबर तिची नणंद होती आणि दोघींच्या हातात पिशव्या होत्या. लग्नातल्या बायकांच्या पोलक्यांची कापडं होती, मुलींच्या घागऱ्यांची होती. मी दारातल्या खाटेवर उन्हाला बसले होते. मला वाटलं, आधी माझ्याजवळ थांबेल, डोळ्यांचं विचारेल, मग मी बाजूला बसणार का ते विचारेल. ती माझ्या खाटेला वळसा घालून सरळ आत मशीनजवळ गेली आणि सुनेपुढं पिशवी उपडी केली.

आतून मोठ्यानं म्हणाली, "काकी, चहा टाक वं. ही कामात हाय."